मधला स्वर

झाडाला टांगलेल्या गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवर लोखंडी सळई तीनदा आपटली आणि एनिडची शाळा सुटली. एकतीस पोरं दारातून एकदम बाहेर सांडली. ती मात्र बाकावर बसून राहिली. गुडघे दुखत होते, पण त्याहून जास्त जबडा दुखत होता. सालेवच्या शाळेत शिकवायचं म्हणजे प्रत्येक गोष्ट तीनदा बोलायची. निम्मी मुलं सालेव बोलणारी, बरीचशी डोंगरापलीकडून आलेली, तुरमेत बोलणारी, आणि ज्यांचे आईबाप बंदरावर नोकरीला राहून आले होते त्यांना फक्त देशभर चालणारी बिस्लामा कळायची. तिन्हींत बोलून झालं की तिची स्वतःची चौथी बोली, वोलाग, बोलायला अंगात जीव उरायचा नाही आणि समोर माणूसही नसायचं.

सालेव, तुरमेत आणि वोलाग या सख्ख्या बहिणी. एकीचं नाक दुसरीला, दुसरीची जिवणी तिसरीला. एका बोलीत जो स्वर ओठ आवळून निघतो तोच दुसरीत गोल होतो. मुलं या बोलीतून त्या बोलीत न अडखळता जायची, आणि कुठल्या बोलीत आलोय हे त्यांना स्वतःलाही कळायचं नाही. वोलाग त्यांतली सगळ्यात धाकटी म्हणा किंवा सगळ्यात नशिबाने मारलेली म्हणा. एनिड नऊ वर्षांची असताना वादळानंतर डोंगर खचला, वोलागची वाडी सोडून लोक खाली सालेवला आले आणि आल्या घरची भाषा बोलू लागले. गेल्या वर्षी म्हातारा टायटस गेला. आता वोलाग बोलणाऱ्या दोघीच उरल्या होत्या, एनिड आणि तिची मेबल मावशी. मेबल मावशीला बारा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं.

आणि या आठवड्यात रोज शाळा सुटली की ओलिंडाचे शब्द.

ओलिंडा ही एनिडच्या भावाची मुलगी. आईच्या गावी, तुरमेतला वाढलेली आणि तिथेच शिक्षिका. बाप लहानपणीच बोटीवरून बुडाला, त्यामुळे बापाची वोलाग तिला येत नव्हती. बेटावरच्या लहान मुलांसाठी वाचनाचं पहिलं पुस्तक निघणार होतं. एका अक्षराला चार-पाच पानं, दर पानावर एक चित्र आणि चित्राखाली तीन ओळी, तीन बोलींतले तीन शब्द. राजधानीतल्या कचेरीचं म्हणणं होतं की दोन ओळी पुरेत, दोन बायकांच्या बोलीसाठी शाई कोण घालवणार. ओलिंडा वर्षभर भांडली तेव्हा कुठे तिसरी ओळ मिळाली. अट एकच होती. शुक्रवारच्या जहाजाने वोलागच्या एकशे वीस शब्दांची यादी पूर्ण गेली पाहिजे. एक जरी जागा रिकामी राहिली, तर पुस्तक दोन ओळींचं.

गुरुवारी एनिड पाय ओढत घरी पोचली तेव्हा ओलिंडा आधीच येऊन अंगणात हेडलीशी भांडत होती. हेडली हा एनिडचा नवरा. आत्याच्या नवऱ्याची खोड काढणं हा भाचीचा हक्कच असतो आणि ओलिंडा तो व्याजासकट वसूल करायची. तिने येता येता त्याच्या टोपीत कोंबडीचं पीस खोचलं होतं आणि आता सांगत होती, "आतोबा, तुम्ही अजून आहात? मी तर तुमच्या मयताच्या जेवणाला म्हणून भूक धरून आले होते."

"तुझ्या लग्नापर्यंत मरायचं नाही असं ठरवलंय मी," हेडली सुरण किसता किसता म्हणाला. "म्हणजे आता मी अमरच झालो."

"तुमच्यासारखा नवरा मिळण्यापेक्षा कुमारी मेलेली बरी."

"ते तुझ्या आत्याला चाळीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?"

एनिड दिसली तशी ओलिंडा गप्प झाली, उठली आणि खालच्या चटईवर जाऊन बसली. आत्या बसलेली असताना भाचीचं डोकं तिच्या डोक्यापेक्षा वर असता कामा नये. आत्यासमोर नाही म्हणायचं नसतं, आत्याला खोदून विचारायचं नसतं. हेडलीच्या टोपीत पीस खोचणारी हीच मुलगी एनिडसमोर वहीत डोकं घालून बसायची आणि एकेक शब्द असा मागायची जसा कुणी निखारा मागावा.

एनिडने चहा घेतला, पाय पसरले आणि म्हणाली, "चल, विचार."

चार दिवसांत शंभरच्या वर शब्द झाले होते. हाड, कासव, फणसासारखं ते भाजून खायचं फळ, नाळ, वल्हं, नखं. एकेक शब्द वर काढताना एनिडला विहिरीतून पोहरा ओढल्यासारखं व्हायचं. काही भरून यायचे, काही अर्धे सांडून. तसे ती दोन-तीनदा घोळवून, आईच्या आवाजात ऐकू येतात का बघून मगच द्यायची.

त्या दिवशी वही 'व्ही'च्या पानावर आली. चित्र होतं दगडाचं. सालेवमध्ये दगड म्हणजे वेत, तुरमेतमध्ये वोत. दोन्ही ओळी भरलेल्या होत्या.

"सरान," एनिड म्हणाली.

ओलिंडाचं पेन्सिल धरलेलं बोट थांबलं. पान 'व्ही'चं होतं. तिने सरान लिहिलं नाही आणि काही विचारलंही नाही. नुसती मान खाली घालून बसली. मग हेडलीकडे बघून, पण आत्याला ऐकू जाईल असं म्हणाली की आतोबा, सगळ्या बेटावर दगड 'व्ही'ने सुरू होतो म्हणूनच हे चित्र निवडलं होतं.

हेडलीच्या लक्षात आलं. एनिडच्याही.

तिच्या सासऱ्यांचं नाव वेत्साल. चर्चमध्ये ब्रायन ठेवलं होतं, पण ब्रायन त्यांना फक्त पाद्री म्हणायचा. सतराव्या वर्षी एनिड या घरात आली त्या दिवशी सासूने तिला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं, सासऱ्याचं नाव तोंडात येता कामा नये, अर्धंही नाही, त्यासारखं वाजणारंही नाही. म्हणजे दगड गेला. तो सालेवचा गेला, तुरमेतचा गेला आणि माहेरचा वोलागचाही गेला. त्याच्या जागी सासूनेच शब्द दिला, सरान, म्हणजे पायाखालचं. वोलाग आणि सालेव दोन्हीकडे तो चालायचा. देशाचं चलन आलं त्याचंही नाव दगडावरूनच, वातू, म्हणजे तेही गेलं. बाजारात एनिड अजून कागद म्हणायची आणि भाजीवाल्या बायका हसायच्या. बिस्लामात मात्र ती बेधडक दगड म्हणायची. परक्या भाषेत दगड कुणाचा सासरा नव्हता.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती चढावर सुरण खणत होती आणि डुकरांनी उकरलेला एक मोठा धोंडा सुटून खाली पायवाटेकडे निघाला. खाली तिचा दीर आर्नल्ड घरच्या माणसांबरोबर ओझं घेऊन चालला होता. एनिड ओरडली, पण ओरडणार काय? तोंडात आला तो शब्द तिने दातांनी अडवला आणि दुसरा सोडला. पायाखालचं येतंय, पायाखालचं. आर्नल्ड थांबला आणि त्याने इमानदारीत पायाखाली बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. वर कुणीच बघितलं नाही. आर्नल्डच्या उजव्या पायाची दोन बोटं तेव्हापासून वाकडी आहेत. घरात तिला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट सासऱ्यांनी सासूमार्फत निरोप धाडला, सूनबाईने रीत राखली, माझ्या मुलाची बोटं काय, बरी होतील.

नऊ वर्षांपूर्वी ते गेले. जाण्याआधी पुन्हा सासूमार्फतच निरोप होता, मी गेल्यावर तिला म्हणावं तोंड मोकळं कर. एनिडने ऐकलं, आणि तोंड मोकळं झालं नाही. एकदा तिने बागेत एकटीने म्हणून बघायचं ठरवलं होतं. ओठ 'व्ही'साठी दातांवर टेकले आणि तिथेच राहिले. वर्गात तो शब्द आला की ती फळ्यावर लिहायची, छडी टेकवायची आणि गप्प उभी राहायची. मुलं ओरडून वाचायची.

हेडलीने किसणी खाली ठेवली. "बाबा गेले," तो म्हणाला. "आणि गेले नसते तरी हसलेच असते. म्हण की."

"मला कुठे कुणी अडवलंय."

"मग?"

"मग तू दात घासताना डोळे मीट आणि मला सांग कुठला हात वापरतोस," एनिड चिडून म्हणाली. ती चिडली की असलंच काहीतरी बोलायची. हेडलीला आता सवय होती.

मग ती स्वतःच म्हणाली, थांब, लिहून देते. रीत बोलण्याची आहे, लिहिण्याची नाही. रीत झाली तेव्हा अक्षरंच नव्हती. ओलिंडाने वही आणि पेन्सिल दोन्ही हातांनी पुढे केली. एनिडने पहिलं अक्षर लिहिलं, व्ही. शेवटचं लिहिलं, टी. ती दोन्ही तिला पक्की ठाऊक होती. मध्ये एका स्वराची जागा तिने मोकळी सोडली होती, आणि पेन्सिल त्या जागेवर आणली.

पेन्सिल टेकली नाही.

कोंबडी येऊन किसलेला सुरण टोचायला लागली तरी हेडलीने तिला हाकललं नाही.

"वेत?" ओलिंडा हळूच म्हणाली.

एनिडने मान हलवली. ते सालेवचं.

"वोत?"

ते तुमचं, एनिड म्हणाली.

"वात? वॅत?"

एनिडने डोळे मिटले. वात ऐकलं तेव्हा वाटलं, हो, हेच. वॅत ऐकलं तेव्हा वाटलं, नाही, हेच होतं, आई विस्तवात दगड तापवताना असंच तोंड पसरून म्हणायची. मग ओलिंडाने पुन्हा वेत म्हटलं आणि तेही आईच्या तोंडात बसलं. आई कुठल्याही स्वरात बोलायला तयार होती. एनिडला दिसत होतं फक्त आईचं तोंड हलताना, आवाज येत होता तो शाळेतल्या एकतीस पोरांचा.

इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपण तो शब्द गिळलाय, म्हणजे तो आत कुठेतरी आहे. लग्नात घातलेलं लुगडं पेटीत असतं तसा. तिने पेटी उघडली आणि आत दोन काठ होते, मधलं कापडच नव्हतं.

"वोलागच्या वाडीत एखाद्या मोठ्या दगडाचं नाव असेल," ओलिंडा हेडलीकडे बघत म्हणाली. "नावात शब्द असेल."

होता एक मोठा दगड, एनिड म्हणाली. त्याला आम्ही म्हातारी म्हणायचो.

हेडलीला हसू आलं. एनिडलाही आलं असतं, पण तिला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की हसायचं राहिलं. ती उठली आणि म्हणाली, मेबल मावशीकडे जाऊ.

मेबल मावशी अंगणापलीकडच्या झोपडीत राहायची. तिचं एनिडच सगळं करायची, अंघोळ, केस, लापलाप, म्हणजे किसलेल्या सुरणाची पानात भाजलेली वडी, सोडवून बारीक करून भरवणं. जाता जाता एनिडला जरा आशा वाटायला लागली. मावशी वोलागच्या वाडीतच मोठी झालेली, या घरची सून नव्हे, तिला कुणाचं नाव टाळायचं नाही. आणि बारा वर्षं तिच्या कानात सालेव नाही, तुरमेत नाही, काहीच शिरलं नाही. कान मिटले तेव्हा आत जे होतं ते तसंच बरणीत राहिलं असणार. तिने वाटेत चुलीपाशी ठेवलेल्या तापवायच्या दगडांतला एक काळा, गुळगुळीत दगड उचलून घेतला.

मेबल मावशी दारात पाय पसरून पानं विणत होती. एनिडने दगड तिच्या मांडीवर ठेवला आणि बोटाने विचारलं, हे काय. मावशीने दगड हातात घेऊन फिरवला. लापलाप लावायचंय का आज, असं काहीतरी वोलागमध्ये पुटपुटली. ओलिंडा खाली बसून तिच्या ओठांकडे बघत होती. एनिडने पुन्हा दगडावर बोट ठेवलं.

"सरान," मावशी म्हणाली. ठणठणीत आवाजात, बहिरी माणसं बोलतात तसं.

एनिडने हाताने खूण केली, नाही, दुसरं, आधीचं. लहानपणीचं. तिने आपल्या आईची खूण केली, गालावरच्या तिळाची. मावशीला कळलं. तिचा चेहरा पडला, मग तिने एनिडचा हात धरला आणि समजावल्यासारखी बोलायला लागली.

"तू इथं सून. मी तुझ्या सासरी येऊन राहिले, तुझ्या सासऱ्यांचं अन्न खाल्लं. तू जे म्हणायचीस तेच मी म्हणायचे. तुझ्या तोंडावर तो शब्द कसा टाकणार? टायटसलाही मी सांगून ठेवलं होतं, एनिडच्या घरात सांभाळून बोल."

ओलिंडाला वोलाग बोलता येत नव्हती, पण तुरमेत येणाऱ्याला तिच्यातलं अर्धं तरी कळतंच. तिने मान खाली घातली.

मावशी मात्र आता आठवू लागली होती. दगड तळहातावर तोलत तिने ओठ दातांवर टेकवले. "वे..." ती म्हणाली आणि थांबली. "वो..." मग स्वतःशीच हसली, तोंडात दात नव्हते त्यामुळे हसू आत ओढल्यासारखं झालं. हे तर यांचं झालं, ती म्हणाली, आपलं कसं होतं गं?

एनिडने तिचा हात थोपटला आणि दगड घेतला.

दोघी परत आल्या. अंगणात हेडलीने सुरण पानात बांधून ठेवला होता आणि काय झालं ते त्यांच्या चालण्यावरूनच ओळखलं. ओलिंडा चटईवर बसली, वही उघडली. व्ही, मोकळी जागा, टी. तिने त्या जागेकडे बघत, आत्याचं नाव न घेता, सुरणाच्या गाठोड्याला सांगावं तसं म्हटलं, की वात लिहिलं तर या जगात ते चूक म्हणणारं कुणी नाही. वडिलांच्या भाषेला एक ओळ मिळेल. एका स्वरासाठी सगळी ओळ घालवायची का?

ओलिंडाला ती ओळ का हवी होती ते एनिडला माहीत होतं. भाऊ बुडाला तेव्हा ही चार वर्षांची होती. बापाचा एक शब्दही तिच्या कानात उरला नव्हता. ती या वहीत नुसते शब्द गोळा करत नव्हती. आणि वात वाईट नव्हता. कदाचित बरोबरही असेल.

"कदाचित बरोबर असेल म्हणून नको," एनिड म्हणाली. "मी आणि मावशी, आम्ही दोघीच आहोत बोलणाऱ्या. दोघीही त्याला सरान म्हणतो. मग तो सरानच. तिथे दुसरं लिहिलंस तर ती बोली कुणाची? कुणीच बोलत नाही ती."

"पण पान 'व्ही'चं आहे, आत्या." पहिल्यांदाच ती थेट आत्याला उलटून बोलली.

"मुलं विचारतील, इथे 'एस' कसा. विचारू देत. तेव्हा तू सांग की इथे एक माणूस होता, आणि त्याची एक सून होती. नाव तू घे. तुला घेता येतं."

हेडलीने डोळे पुसले आणि चुलीच्या धुरावर खापर फोडलं. ओलिंडाला टोमणा मारायची संधी होती, तिने मारला नाही.

तिने व्ही आणि टी खोडून सरान लिहिलं. मग मोबाइल घेऊन चर्चमागच्या टेकाडावर गेली, तिथेच काय ते रेंजचे दोन पट्टे यायचे. एनिडला वरून तिचा आवाज येत होता, शब्द नाही. आधी बराच वेळ समजावणीचा, मग भांडणाचा, मग एकदम बंद. खाली आली तेव्हा तिचा चेहरा भांडण जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

"काय म्हणाले?" हेडलीने विचारलं.

कचेरीतला माणूस म्हणाला होता, रीत वगैरे मला सांगू नका, जागा भरली आहे ना, मग पाठवा. अक्षर जुळत नसेल तर नसेल. तसंही तिसरी ओळ वाचणार कोण.

एनिडने ऐकलं. तिला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात काही लागतं. तिने चटईवर जरा सरकून ओलिंडाला जवळ जागा केली, खाली नव्हे, शेजारी. ओलिंडा क्षणभर घुटमळली, मग अंग आखडून बसली.

"किती राहिले?" एनिडने विचारलं.

"अकरा."

जहाज उद्या सकाळी होतं. उन्हं अंगणाच्या कडेला सरकून चिंचोळी झाली होती. हेडलीने चुलीत तापलेले धोंडे चिमट्याने बाजूला केले आणि सुरणाचं गाठोडं त्यांच्यामध्ये ठेवून वर पानं ओढली.

"विचार," एनिड म्हणाली.

"ढग," ओलिंडा म्हणाली.

एनिडने डोळे मिटले आणि आईचं तोंड आठवायला लागली.